चिकोडीहून डेट्रॉईटला, नवापूरमार्गे

नवापूर स्टेशनवरच्या त्या बाकावर जरा टेका. बाकाच्या मधोमध रेघ आहे. एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात. तिकीट खिडकी आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, स्टेशनमास्तरांचं कार्यालय पलीकडच्या तापी जिल्ह्यात. बाहेरगावचे लोक इथे उतरून फोटो काढतात. तुम्ही इथलेच, तुमच्यासाठी ही रोजची वाट. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडची माणसं पोराबाळांसकट ऊसतोडीला रेघेपलीकडे बारडोली-सुरतेकडे जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जिथे सहा महिने घाम गाळायचा, तिथे त्यांना मत नसतं. तिथल्या आमदार-खासदाराला त्यांची गरज नसते.

एवढं मनात असू द्या आणि माझ्याबरोबर मागे चला.

1955. बाकावरची रेघ आता नाही. पलीकडचं गुजरात राज्यच अजून जन्माला यायचं आहे. तुम्ही उभे आहात ते पश्चिम खानदेश जिल्ह्यात, मुंबई राज्यात. तिकडे दूर दक्षिणेला बेळगाव जिल्हाही याच मुंबई राज्यात आहे. त्या जिल्ह्यातल्या चिकोडीत 22 फेब्रुवारीला एका मराठी घरात मुलगा जन्मतो. त्याचं नाव श्री, आडनाव ठाणेदार.

पण चिकोडीत थांबण्याआधी दीड महिना मागे, 5 जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये डोकावून या. अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेत 32 वर्षांचा एक तरुण शपथ घेतो आहे. चार्ल्स डिग्ज, डेट्रॉईटचा. घरचा धंदा अंत्यसंस्काराचा. मिशिगन राज्यातून या सभागृहात पोहोचलेला हा पहिला कृष्णवर्णीय माणूस. याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो मिसिसिपीत जाईल आणि एमेट टिल या 14 वर्षांच्या मुलाच्या खुनाचा खटला चालू असताना कोर्टात जाऊन बसेल. जिथे काळ्या माणसाला मत द्यायला जाणंही जिवावर बेतायचं, तिथे एक काळा खासदार समोर बसून सगळं पाहतो आहे, हे त्या कोर्टाला दिसावं म्हणून. डिग्ज नीट पाहून ठेवा. चिकोडीच्या मुलाच्या आयुष्याशी या माणसाच्या खुर्चीची गाठ 68 वर्षांनी पडणार आहे.

आता पुढे, 1 नोव्हेंबर 1956. राज्य पुनर्रचना अंमलात येते. बेळगाव म्हैसूर राज्यात जातं. पावणेदोन वर्षांचं पोर घरातल्या घरात परराज्यात गेलं. बेळगावात हा दिवस पुढे काळा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. आणि योगायोग बघा, पाचच दिवसांनी, 6 नोव्हेंबरला, कॅलिफोर्नियातले मतदार दलीपसिंग सौंद यांना अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेवर निवडून देतात. पंजाबातून शिकायला गेलेला, बर्कलीला गणितात डॉक्टरेट मिळवूनही शेतीच करावी लागलेला हा माणूस. भारतीयांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळण्याची वाट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1923 मध्ये बंद केली होती, ती 1946 च्या कायद्याने उघडली. सौंद नागरिक झाले 1949 मध्ये, खासदार झाले सातच वर्षांत. परदेशातून आलेला विज्ञानाचा माणूस तिथल्या राजकारणात जाऊ शकतो, हे त्यांनी ठाणेदार रांगत्या-चालत्या वयात असतानाच दाखवून दिलं होतं.

बेळगाव, 1969. हवेत सीमाप्रश्न भरलेला आहे. महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवा म्हणून सांगितलंय, फेब्रुवारीत मुंबई या प्रश्नावर पेटून गेलीय. ठाणेदारांच्या घरातली चिंता मात्र किराण्याची आहे. वडील नोकरीतून निवृत्त झालेत, घरात भावंडं पुष्कळ, आणि मुलगा 14 वर्षांचा. तो मिळेल ते काम करतो आणि शिकतो. आपण त्या घरात शिरत नाही. तुम्ही अशी घरं आतून पाहिलेली आहेत. नंदुरबारच्या प्रत्येक गल्लीत ती आहेत, जिथे थोरल्याच्या फीपेक्षा घरातलं तेल-मीठ आधी येतं.

टिळकवाडीतल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र थांबू. ब्युरेटमधून थेंब पडतोय. फ्लास्कमध्ये गुलाबी झाक येते, हलवली की जाते, पुन्हा येते, पुन्हा जाते, आणि एका थेंबाला ती टिकते. तोच आकडा वहीत लिहायचा. एक थेंब जास्त पडला तर पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही नंदुरबारला बीएस्सी केलं असेल तर हाताला अजून ती तोटी आठवत असेल. गरीब घरातल्या हुशार मुलांना रसायनशास्त्र का भावतं, याचं एक कारण मला इथे दिसतं. या टेबलावर कोणाची ओळख चालत नाही. आकडा बरोबर येतो किंवा येत नाही.

ठाणेदार 18 व्या वर्षी पदवीधर होतात. 1977 मध्ये मुंबई विद्यापीठाची एमएस्सी, आणि तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी. बेळगावच्या त्या घराच्या मानाने हेच शिखर होतं. सरकारी नोकरी, संशोधनाची, अणुकेंद्रातली! पुष्कळांनी इथे गाठोडं सोडलं असतं. यांना डॉक्टरेट करायची आहे, आणि अमेरिकेच्या वकिलातीतून व्हिसाला नकार येतो. पुन्हा अर्ज, पुन्हा नकार. त्या रांगेत उभं राहिल्याशिवाय नकाराची चव कळत नाही. काचेमागचा माणूस तुमच्या गुणपत्रिकेकडे बघतच नाही, तुम्ही परत याल का एवढंच तो तोलत असतो. अखेर 1979 मध्ये शिक्का बसतो. सांताक्रूझ विमानतळावर एक निळी सूटकेस तराजूवर चढते. पुढे त्यांच्या इंग्रजी आत्मकथेचं नाव याच सूटकेसवरून पडलं. मराठी आत्मकथा ‘ही श्रींची इच्छा’ महाराष्ट्रात खूप वाचली गेली, तेव्हा त्यांच्या राजकारणाचा मागमूसही नव्हता.

ओहायोतलं अ‍ॅक्रन. तुम्ही कोट घट्ट ओढून घ्या, इथली थंडी खानदेशी हाडांना माहीत नाही. गुडइयर आणि फायरस्टोनचं हे गाव. जगभरच्या टायरांची राजधानी म्हणून मिरवलेलं. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला आणि अमेरिकेचं नैसर्गिक रबर तुटलं. तेव्हा कृत्रिम रबर करण्याची घाई झाली आणि त्या कामाचं एक मोठं केंद्र हे गाव होतं. बहुवारिकांचं, म्हणजे पॉलिमरचं, शास्त्र इथल्या विद्यापीठात रुजलं ते त्यातूनच. पण ठाणेदार पोचतात तेव्हा कारखाने एकेक करून बंद पडू लागलेले आहेत. ज्ञान गावात राहिलं, काम निघून गेलं. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे डेट्रॉईटला हेच याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर झालेलं दिसेल.

1982 मध्ये डॉक्टरेट, त्यानंतर दोन वर्षं मिशिगन विद्यापीठात संशोधन, 1984 मध्ये सेंट लुईसला पेट्रोलाइट कंपनीत नोकरी, 1988 मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व. ही वर्षं भरभर उलटू. मला तुम्हाला न्यायचंय ते 1990 मधल्या एका रात्रपाळीला.

केमिर नावाची छोटी प्रयोगशाळा. दिवसा पेट्रोलाइटची नोकरी करून ठाणेदार रात्री आणि शनिवार-रविवारी इथे तासावर काम करतात. काम कसं असतं ते पाहा. एखाद्या कारखान्यातून डबी येते. हा गोंद वर्षभर नीट धरायचा, आता सुटतो, का? डबीवर घटक लिहिलेले नाहीत, किंवा लिहिलेत ते खरे नाहीत. चिमूटभर नमुना द्रावकात भिजवायचा, गाळायचा, वाळवायचा, त्यातून अवरक्त किरण सोडायचे. कागदावर डोंगर-दऱ्यांसारखी रेषा उमटते. तरंगसंख्या 1,700 च्या आसपास खोल दरी दिसली की कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध, 2,240 जवळ बारीक टोकदार खाच दिसली की नायट्राइल. मग क्रोमॅटोग्राफवर घटक वेगळे करायचे, एकेकाचं वजन काढायचं, चांगल्या नमुन्याशी ताडून पाहायचं. रात्र सरते आणि कारण सापडतं, बहुतेक वेळा कोणीतरी काहीतरी स्वस्त मिसळलेलं असतं.

1991 मध्ये ते ही प्रयोगशाळाच विकत घेतात, 75 हजार डॉलरचं कर्ज काढून. मोजकी माणसं, जुनी यंत्रं. पुढची पंधरा-सोळा वर्षं ती वाढत जाते, मोठी होते, पुरस्कार मिळतात. 1996 मध्ये पत्नीचं निधन होतं. मुलं दोन, दोघंही लहान. त्यावर त्यांनी स्वतः लिहिलंय, आपण त्या दाराशी थांबायचं नाही.

मोठं होण्याच्या भरात ते औषध-चाचण्यांच्या कंपन्या घेतात, कर्जं वाढतात, मंदी येते, आणि 2010 मध्ये बँक ताबा घेते. न्यू जर्सीतल्या त्यांच्या एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेत चाचणीसाठी ठेवलेले शंभरावर बीगल कुत्रे आणि माकडं मागे राहतात. प्राणिमित्र संस्था त्यांच्यासाठी घरं शोधतात. ताबा बँकेकडे होता, असं ठाणेदारांचं म्हणणं. पण मतदाराला तारण आणि ताबा यांतला कायदा दिसत नाही, त्याला पिंजऱ्यातला कुत्रा दिसतो, आणि आठ वर्षांनी प्रचारात हा प्रश्न त्यांच्यासमोर आला तो योग्यच आला असं मी म्हणेन. धंद्यातली उलाढाल हीच ज्याची पात्रता, त्याला धंद्यातल्या पडझडीचाही हिशेब द्यावा लागतो.

ते मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरला येतात आणि पुन्हा शून्यातून प्रयोगशाळा काढतात. अ‍ॅवोमीन तिचं नाव. 2016 मध्ये तिचा मोठा हिस्सा विकतात. वय 61. हातात पैसा, मागे दोन उद्योग. या टप्प्यावर बहुतेक जण देवळाला देणगी देतात. ठाणेदार राज्यपालपदाच्या निवडणुकीला उभे राहतात.

आपल्याकडे राज्यपाल नेमला जातो. तिथे तो निवडून येतो आणि राज्य चालवतो. आपल्या मुख्यमंत्र्यासारखंच ते पद. पक्षाचा उमेदवार कोण हे दिल्लीतून ठरत नाही, आधी मतदारच प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. 2018 च्या त्या प्राथमिक निवडणुकीत ठाणेदार स्वतःच्या खिशातले एक कोटी डॉलरच्या वर घालतात. नंदुरबारकराने इथे थांबून विचार करावा. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 95 लाख रुपयांची. ती किती पाळली जाते हा वेगळा विषय, पण कायद्यात रेघ आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्येच सांगून टाकलं की उमेदवाराने स्वतःच्या पैशातून किती खर्च करावा याला बंधन घालता येणार नाही. पक्षाची शिडी न चढलेल्या, कोणाचा पुतण्या-भाचा नसलेल्या, परदेशातून आलेल्या माणसाला दार उघडलं ते याच निकालाने. आणि दार उघडलं ते फक्त पैसेवाल्याला, हेही तितकंच खरं. बेळगावच्या त्या घरातला 14 वर्षांचा मुलगा या दारातून आत जाऊ शकला नसता.

ते हरतात, तिसरे येतात. पण जवळजवळ 18 टक्के, म्हणजे दोन लाखांवर मतं पडतात, आणि डेट्रॉईटमधून भरघोस मतं येतात. रसायनशास्त्रज्ञ निकालाकडे कसा पाहतो? हरलो एवढंच वाचत नाही, दरी कुठे खोल आहे ते पाहतो. पुढच्याच वर्षी ठाणेदार डेट्रॉईटला राहायला जातात. 2020 मध्ये तिथून राज्याच्या प्रतिनिधी सभेवर निवडून येतात.

आता उतरा, डेट्रॉईट, 2 ऑगस्ट 2022. हे शहर पायी बघा. 1950 मध्ये इथे साडेअठरा लाख लोक राहत होते, आता साडेसहा लाखही नाहीत. मोटारीच्या कारखान्यांनी बोलावलं म्हणून दक्षिणेतून काळी माणसं आली. कारखाने गेले, गोरी माणसं उपनगरांत गेली, काळी माणसं राहिली. 2013 मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. रस्त्याच्या एका बाजूला पाच घरांच्या जागी एकच घर उभं आहे, बाकी नुसतं गवत. शहरात दर चारांपैकी तिघांहून जास्त लोक कृष्णवर्णीय. आणि डिग्जच्या 1955 मधल्या शपथेपासून आजपर्यंत या शहराचा निदान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये कायम आहे.

आज अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक आहे. या मतदारसंघात खरी निवडणूक हीच, नोव्हेंबरची नुसती शिक्कामोर्तबाची. तुमच्या हातात कागदी मतपत्रिका आहे. एका जागेला नऊ नावं. प्रत्येक नावापुढे छोटा लंबगोल, पेनने भरायचा. शहरातल्या काळ्या नेत्यांनी समिती करून आवाहन केलंय की मतं फुटू देऊ नका, राज्याचे सिनेटर अ‍ॅडम हॉलियर यांच्यामागे उभे राहा. बाहेरच्या एका इस्रायल-समर्थक गटाने त्याच हॉलियरसाठी 40 लाख डॉलरच्या वर ओतलेत. ठाणेदारांनी पुन्हा स्वतःचे 50 लाखांहून अधिक घातलेत.

पेन टेकवण्याआधी नंदुरबार आठवा. आपल्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेप्रमाणे 69 टक्के लोक आदिवासी. लोकसभेची आपली जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव, घटनेच्या कलम 330 ने. म्हणून माणिकराव गावित नऊ वेळा गेले, 2014 मध्ये डॉ. हीना गावित गेल्या, 2024 मध्ये गोवाल पाडवी. पक्ष बदलले, माणसं बदलली, पण आदिवासींच्या हातून ती खुर्ची जाऊ शकत नाही. उद्या मुंबईचा एखादा पैसेवाला, शिकलेला, सभ्य उद्योजक शहाद्यात घर घेऊन चार वर्षांत या जागेवर उभा राहू शकत असता आणि आठ-नऊ स्थानिक उमेदवारांत मतं फुटून निवडून येऊ शकत असता, तर तुम्हाला काय वाटलं असतं? डेट्रॉईटला कलम 330 नाही. तिथल्या लोकांकडे आपल्या आवाजाची हमी म्हणून फक्त आपली एकी आहे, आणि नऊ नावांत ती टिकत नाही.

निकाल येतो. ठाणेदार 28 टक्के, हॉलियर 24 च्या आसपास. नोव्हेंबरमध्ये 71 टक्के मतांनी विजय. बेळगावात पेढे वाटावेत अशी गोष्ट, आणि डेट्रॉईटच्या अनेक घरांत 68 वर्षांची साखळी तुटल्याचं दुःख. दोन्ही खरं आहे. मराठी माणूस म्हणून माझी छाती भरून येते, आणि त्याच वेळी त्या घरांकडे पाठ फिरवायला मन धजत नाही. काही लोक म्हणाले, पैशाने जागा घेतली. ते मला पुरं पटत नाही. त्या शहरातल्या हजारो काळ्या मतदारांनी समिती बाजूला सारून या परक्या नावापुढचा लंबगोल भरला. गरिबीतून आलोय हे त्यांचं सांगणं लोकांना खोटं वाटलं नाही. मतदाराला विकत घेतलेला समजणं हा त्याचा अपमान आहे, नंदुरबारातही आणि डेट्रॉईटमध्येही.

पुढची उडी. वॉशिंग्टन, 7 जानेवारी 2023, मध्यरात्र उलटून गेलीय. तुम्ही प्रेक्षक-सज्जात आहात. सभापती निवडता येईना म्हणून चार दिवस नव्या सदस्यांचा शपथविधी रखडलेला. नावं पुकारली जातात, आद्याक्षरांच्या क्रमाने, फेरीमागून फेरी. डेमोक्रॅटिक सदस्य एकामागून एक एकच नाव उच्चारतात, जेफ्रीज. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये एखाद्या पक्षाचं नेतृत्व करणारा हा पहिला कृष्णवर्णीय माणूस. ‘ठाणेदार’ हे नाव यादीत बरंच शेवटी येतं. तेही म्हणतात, जेफ्रीज. पंधराव्या फेरीत केव्हिन मॅकार्थी सभापती होतात आणि मग सगळ्यांचे उजवे हात एकदम वर जातात. त्यांत चिकोडीचा एक हात आहे. अमेरिकेच्या घटनेला या सभागृहासाठी तीनच गोष्टी लागतात: वय 25, सात वर्षांचं नागरिकत्व आणि त्या राज्यातला रहिवास. जन्म कुठला हे ती विचारत नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी मात्र विचारते, त्यामुळे यांची वाट तिथवर जात नाही.

2024 कडे जाताना एका टेबलापाशी मात्र थांबावं लागतं. मतपत्रिकेवर नाव यायला उमेदवाराला मतदारांच्या 1,000 वैध सह्या आणाव्या लागतात. हॉलियर पुन्हा उभे राहायला निघतात. ठाणेदार त्यांच्या सह्यांना आव्हान देतात, तपासणी होते, सह्या कमी भरतात, हॉलियर शर्यतीबाहेर जातात. कायद्याने ते चोख होतं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे नमुने तपासले, त्याच्या हाताला ही सवयच. पण 2022 मध्ये ज्यांनी हॉलियरना मत दिलं होतं, त्यांना ते पुन्हा द्यायची संधी मिळाली नाही, याची मला खंत वाटते. ठाणेदार प्राथमिक आणि मुख्य, दोन्ही निवडणुका जिंकतात.

एप्रिल 2025 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमं मांडतात. पक्षाचे नेते सोबत येत नाहीत, आणि मे महिन्यात मतदानाचा आग्रह ते सोडतात. वॉशिंग्टनचे लोक यावर पुष्कळ बोलले. मला त्याहून जास्त रस आहे तो त्यांच्या डेट्रॉईटच्या कार्यालयातल्या कामात, ज्याची बातमी होत नाही. अमेरिकेतल्या प्रत्येक प्रतिनिधीच्या कार्यालयाला हे काम असतं: कोणाची पेन्शन अडली, कोणा माजी सैनिकाचा दवाखान्याचा दावा अडला, कोणाच्या आईचा व्हिसा वकिलातीत पडून राहिला. मतदार येतो, कागद दाखवतो, आणि कार्यालय त्या वकिलातीला पत्र लिहून विचारतं की या अर्जाचं काय झालं. त्या पत्राखाली आता सही असते श्री ठाणेदार यांची.